चालती परमिट रूम हातात घेताना: आधी काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

नव्या मालकाची पहिली चूक बहुधा रंगकामाची असते. चावी हातात येते आणि पहिल्याच आठवड्यात सुतार, पेंटर आणि फॉल्स सीलिंगवाला दारात उभे राहतात. दीड महिना शटर खाली. शटर वर जातं तेव्हा आत निळे दिवे, उंच स्टुलं, गुळगुळीत मेन्यू कार्ड आणि क्वार्टरचा वाढलेला दर. वीस वर्षं संध्याकाळी साडेसातला येणारा माणूस दारातून डोकावतो आणि पुढच्या गल्लीतल्या बारमध्ये जाऊन बसतो. दीड महिन्यात त्याला तिथलं टेबल आणि तिथला वेटर सवयीचा झालेला असतो, तो परत कशाला येईल?

मुंबईत लालबाग-परळ असो, दादर, भांडुप की गिरगाव, नाक्यावरच्या बारची खरी कमाई रोजच्या चाळीस-पन्नास माणसांवर चालते. शनिवारची गर्दी त्याच्यावरची साय. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या गोष्टी आधी, दिसणाऱ्या शेवटी. कागद, वायरिंग, बर्फ, ग्लास, नोकरांचे पगार हे पहिल्या तीन महिन्यांत. भिंती, दिवे, नाव आणि मेन्यू त्यानंतर, तेही एकेक करून.

सही करण्याआधी

सगळ्यात आधी एफएल-३ परवान्याची, म्हणजे गिऱ्हाइकाला बसवून विदेशी मद्य देण्याच्या परवान्याची, मूळ प्रत मागा, झेरॉक्सवर भागवू नका. परवाना कोणाच्या नावावर आहे, भागीदार किती, पत्ता अगदी दुकान नंबरापर्यंत जुळतो का, हे वाचा. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं, त्यामुळे चालू वर्षाच्या नूतनीकरणाचं चलन सोबत हवं. भागीदारांपैकी एखादा वारला असेल आणि वारसांची नोंद झाली नसेल, तर तो गुंता आधी विकणाऱ्याने सोडवायचा. तुम्ही पैसे देऊन बसलात की तो तुमचा गुंता होतो.

मुंबईत ‘कंडक्टिंग’ सर्रास चालतं: परवाना एकाच्या नावावर, धंदा दुसऱ्याच्या हातात, महिन्याला ठरलेली रक्कम. स्वस्त वाटतं, पण पाया कच्चा असतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या लेखी बार परवानाधारकाचाच. परवानगीशिवाय तो दुसऱ्याला चालवायला देणं हा नियमभंग ठरू शकतो, आणि रद्द होणाऱ्या परवान्यावर तुमचं नावही नसतं. त्यामुळे हस्तांतर किंवा भागीदार म्हणून नोंद, यांपैकी एक रीतसर करून घ्या. अर्ज अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क यांच्या कार्यालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, वेगळी कार्यालयं आहेत. आदेश हातात येईपर्यंत ठरलेल्या रकमेपैकी निदान दहा-पंधरा टक्के रोखून ठेवण्याचं कलम करारात घाला.

दुसरा कागद म्हणजे मंजूर नकाशा. परमिट रूमची हद्द, काउंटर कुठे, साठ्याची खोली कुठे, दारं किती, हे त्यावर आखलेलं असतं. नकाशा हातात घेऊन प्रत्यक्ष जागेत फिरा. जुन्या मालकाने पोटमाळ्यावर टेबलं वाढवली असतील किंवा मागचं दार बंद करून तिथे क्रेट रचले असतील, तर त्या कामाचा दोष उद्या तुमच्या गळ्यात पडेल. पुढे भिंत पाडायची किंवा काउंटर हलवायचा झाला तरी आधी नकाशाची दुरुस्ती मंजूर करून घ्यावी लागते, सुताराला नंतर बोलवायचं. तोडफोड-दुरुस्ती करताना बरेच बार इथेच अडकतात.

थकबाकी तपासताना फक्त वीज-पाणी बघून थांबू नका. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार धंदा हस्तांतरित झाला की जुन्या कराची जबाबदारी नव्या मालकावरही येते. जीएसटी आणि व्हॅट, दोन्हींची विवरणपत्रं बघा, कारण बारमध्ये खाण्यावर जीएसटी लागतो आणि दारूवर व्हॅट. घाऊक विक्रेत्यांची देणी, मालमत्ता कर आणि नोकरांची ग्रॅच्युइटी यांचे आकडे लेखी घ्या. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ग्रॅच्युइटी लागू होते. हिशेब असा: शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले नोकरीची वर्षं. १८,००० रुपये पगार आणि १४ वर्षं नोकरी असलेल्या वेटरचे साधारण १,४५,४०० रुपये होतात. असे चार जुने लोक असले तर पाच-सहा लाखांचं देणं कुठल्याही कागदावर न दिसता तुमच्याकडे येतं. ते किमतीतून वजा झालं पाहिजे.

जागा पगडीची असेल तर घरमालकाची लेखी संमती आणि हस्तांतराची रक्कम आधी ठरवा. सोसायटीत तळमजल्यावर बार असेल तर कमिटीला पहिल्याच आठवड्यात भेटा. त्यांची तक्रार बहुधा दोनच गोष्टींची असते, एक्झॉस्टचा वास आणि रात्री दारात उभं राहून बोलणारे लोक. दोन्हींवर इलाज आहे, पण तो कोणीतरी विचारायला हवा.

ताबा घेण्याची रात्र

साठा मोजायला दिवस नव्हे, रात्र निवडा. शेवटची ऑर्डर संपली, शटर अर्धं खाली आलं की सुरू करा. दोन्ही बाजूंची माणसं आणि मद्यसाठ्याची सरकारी नोंदवही (एफएलआर) समोर हवी. प्रत्येक ब्रँड, प्रत्येक माप वेगळं मोजायचं: ७५०, ३७५, १८०, ९० मिली, आणि बिअरमध्ये ६५०, ५०० आणि ३३०. सीलबंद पेट्यांचा हिशेब सोपा आहे, ७५० च्या पेटीत १२ बाटल्या आणि १८० च्या पेटीत ४८.

फोडलेल्या बाटल्या डोळ्यांनी अंदाजू नका. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. त्याच ब्रँडची रिकामी बाटली आधी तोला, मग फोडलेली. फरकाला ०.९४ ने भागलं की मिली निघतात, कारण ४२.८ टक्के अल्कोहोलचं एक मिली मद्य साधारण ०.९४ ग्रॅम भरतं. फोडलेली ८७० ग्रॅम आणि रिकामी ४८० ग्रॅम असेल तर ३९० भागिले ०.९४, म्हणजे ४१५ मिली. नोंदवहीत आणि मोजणीत तफावत निघाली तर ती त्याच रात्री लेखी मान्य करून घ्या. तपासणीत सापडलेल्या तफावतीला ‘आधीच्या मालकाच्या वेळची आहे’ हे उत्तर चालत नाही.

लेबलावर फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी असा उल्लेख नसलेली बाटली, सैन्याच्या कोट्यातली, गोव्याहून किंवा दमणहून आलेली, ड्यूटी-फ्रीची, यांपैकी एकही ताब्यात घेऊ नका. दोन बाटल्यांसाठी सगळा परवाना पणाला लागतो.

त्याच रात्री टेबलांवरचे आणि काउंटरवरचे जुने क्यूआर कोड काढा. ही चूक इतकी वेळा होते की तिच्यासाठी वेगळा माणूस नेमावा: पहिले चार दिवस गल्ला चांगला दिसतो, आणि ऑनलाइनचे पैसे जुन्या मालकाच्या खात्यात जात असतात. मेन्यू कार्डाच्या पाठीमागे, बिलाच्या फोल्डरमध्ये, पार्सलच्या काउंटरवरही एखादा चिकटवलेला असतो.

अन्न परवाना मालकाच्या नावावर असतो आणि विक्रीबरोबर आपोआप सरकत नाही, तो नव्याने काढावा लागतो. त्याचा नंबर बिलावर छापणं २०२२ पासून सक्तीचं आहे. म्हणून बिलाचा मसुदा आधीच तयार ठेवा: खाण्याचा भाग ५ टक्के जीएसटीसह, दारूचा भाग व्हॅटसह, दोन वेगळ्या बेरजा. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. जुन्या बिलिंग मशीनमध्ये जुना दर राहिला असेल तर फरक तुमच्या खिशातून जाईल.

एक दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक संपत आलंय का ते बघा. महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याकडे परवाना लागतो, दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि ‘परमिट रूम’ हे नावच त्यातून आलं. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा असतो. वयाची अट बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५. हे वेटरला पाठ हवं, कारण दारात नव्या पिढीची गर्दी वाढली की पहिली अडचण हीच येते.

जुने वेटर

बारमधली सगळ्यात मौल्यवान यादी कोणत्याच कागदावर नसते. कोण सोड्यात घेतो आणि कोण साध्या पाण्यात, कोणाला बर्फ चालत नाही, कोणाला तिसऱ्या पेगनंतर ‘पुरे आता, साहेब’ म्हणायचं, हे पंधरा वर्षं तिथे काम केलेल्या माणसाच्या डोक्यात असतं. किनारी कर्नाटकातून, नेपाळमधून, उत्तर प्रदेशातून आलेले हे लोक अनेकदा बारमध्येच किंवा पोटमाळ्यावर झोपतात. त्यांच्या झोपायच्या जागेचं काय, हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा. त्यावरून अफवा उठली की दोन आठवड्यांत निम्मे लोक शेजारच्या बारमध्ये दिसतील.

पगाराची तारीख, जेवण आणि टिप वाटण्याची पद्धत, या तीन गोष्टी सहा महिने तशाच ठेवा. टिपच्या डब्यात मालकाने हात घातला की ती बातमी गिऱ्हाइकापर्यंत त्याच रात्री पोचते. नोकरनाम्यात, म्हणजे उत्पादन शुल्क विभागाकडे नोंदवलेल्या नोकरांच्या यादीत, नव्या माणसांची नावं चढवायला विसरू नका. विक्री करणारा प्रत्येक माणूस त्यात हवा.

पहिल्या आठवड्यात जुन्या वेटरबरोबर बसून एक वही करा. तीस नावं लिहा, किंवा नाव नसेल तर खूण: ‘बँकेतले काका’, ‘चष्मेवाले पाटील’. प्रत्येकापुढे वेळ, टेबल, नेहमीची ऑर्डर. ही वही तीन महिन्यांनी लागणार आहे.

बर्फ, ग्लास, बिअर

खर्च करायची हौस असेल तर इथे करा. गिऱ्हाईक याला नाव देत नाही, पण ‘इथली बिअर चांगली लागते’ असं म्हणू लागतं.

खाण्याचा बर्फ रंगहीन असतो. उद्योगात वापरायचा बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम राज्यात २०१८ पासून आहे. त्यामुळे पुरवठादाराकडून आलेली लादी रंगहीन आहे का ते बघा आणि पावती ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे फिल्टरच्या पाण्यावर चालणारं स्वतःचं क्यूब मशीन. बर्फ काढायला ग्लास बुडवू नका, स्टीलचा स्कूप वापरा. पेटीत ग्लास फुटला तर सगळा बर्फ फेकायचा.

बिअरचे ग्लास आणि तेलकट ताटं एकाच सिंकमध्ये, एकाच स्क्रबरने धुतले जातात तिथे फेस टिकत नाही. चरबीचा पातळ थर फेस मारतो. ग्लाससाठी वेगळा सिंक, वेगळा ब्रश, शेवटी साधं गार पाणी आणि पालथे ठेवायला जाळी. फडक्याने पुसायचं नाही. ग्लास नीट धुतला गेला की नाही हे बघायला पाणी भरून ओता: आतून पाणी सलग सरकलं तर ग्लास स्वच्छ, थेंब थेंब राहिले तर तेल आहे.

नव्या मालकांना ड्राफ्ट बिअरचा, म्हणजे पिंपातून टॅपने येणाऱ्या बिअरचा, मोह होतो. घ्या, पण नीट समजून. पिंप ३ ते ४ अंश तापमानात हवं. नळी पिंपापासून टॅपपर्यंत गार राहिली नाही तर वाटेत गॅस सुटतो आणि टॅपमधून नुसता फेस येतो. मग नवखा माणूस गॅसचा दाब कमी करतो. त्याने दोन दिवसांत बिअर सपाट होते. दाब साधारण १२ ते १४ पीएसआय ठेवा आणि आधी नळीचं तापमान तपासा. दर चौदा दिवसांनी नळी क्लीनिंग केमिकलने धुवा आणि नंतर भरपूर पाण्याने खळाळून काढा. आंबट वास, तरंगणारे पांढरे कण, ही नळी न धुतल्याची लक्षणं आहेत. दिवसाला एक ३० लिटरचं पिंपही खपत नसेल तर ड्राफ्ट लावू नका. गार बाटली त्याहून कितीतरी चांगली.

पेगचं माप वैधमापन विभागाच्या शिक्क्याचं असू द्या, ३० आणि ६० मिलीचं. टेबलावर, गिऱ्हाइकासमोर मोजा. क्वार्टरचं सील तिथेच तोडा. नवा मालक आला की दारूत पाणी मारतात असा संशय आपोआप येतो, आणि तो घालवायला याहून सोपा उपाय नाही. रिकाम्या बाटल्या भंगारात देण्याआधी लेबल खरवडा आणि झाकण चेपा, म्हणजे त्या पुन्हा भरून कोणाच्या घशात जाणार नाहीत.

दर

जून २०२५ मध्ये राज्याने लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मिती खर्च असलेल्या, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क जाहीर निर्मिती खर्चाच्या तिप्पटवरून साडेचारपट केलं. म्हणून विकणाऱ्याने दाखवलेला त्याआधीचा नफा आजच्या खरेदीवर बसत नाही. हिशेब नव्याने मांडा. समजा ७५० मिलीची बाटली १,२०० रुपयांना पडते. कागदावर साडेबारा मोठे (६० मिलीचे) पेग निघतात, सांडलवंड धरून बारा समजा, म्हणजे एका पेगची खरेदी १०० रुपये. २२० ला विकला तर व्हॅट धरून गिऱ्हाइकाला २४२ पडतात आणि खरेदीचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास राहतो. भाडं आणि पगार यांतून निघतात का, ते बघा.

वाढवायचेच असतील तर आधी कमी खपणाऱ्या महागड्या ब्रँडचे वाढवा. सगळ्यात जास्त जाणाऱ्या तीन ब्रँडना सहा महिने हात लावू नका, आणि लावाल तेव्हा एका वेळी दहा रुपयांपेक्षा जास्त नको. वाढ कार्डावर छापून येण्याआधी वेटरने तोंडी सांगितली पाहिजे. बिल हातात आल्यावर कळलेली वाढ लोक विसरत नाहीत.

फुकटचा चखणा बंद करणं ही काटकसर नव्हे. एक किलो सुके चणे उकडून दोन किलोच्या वर जातात. पन्नास ग्रॅमची वाटी धरली तर चाळीस वाट्या. कांदा, लिंबू, मसाला आणि गॅस धरूनही एक वाटी चार-पाच रुपयांच्या आत बसते. ती बंद करून वाचतात महिन्याचे काही हजार, आणि जातं ते बसणाऱ्याचं मन. वाटी चालू ठेवा आणि खाण्याच्या कार्डावर सुधारणा करा. ताजे बोंबील मिळतात तेव्हा साफ करून, मधून चिरून, कापडात घालून तासभर वजनाखाली दाबा. पाणी निघालं नाही तर रवा सुटतो आणि तव्यावर लगदा होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांच्या कार्डावर सुरमई-पापलेट ठेवून ‘आज नाही’ म्हणण्यापेक्षा सुका जवळा, अंडा भुर्जी, चणा कोळीवाडा पुढे आणा.

उधारीची वही

जुनी उधारी विकत घेऊ नका. नावं आणि रकमा यांची यादी करारासोबत जोडा आणि साठ दिवस जुन्या मालकाने जुन्या वेटरमार्फत वसूल करायची असं ठरवा. चारचौघांत, टेबलावर कोणालाही विचारायचं नाही. अपमान झालेला माणूस पैसे बुडवतो आणि सोबतचे तिघंही घेऊन जातो. ‘आजपासून उधार बंद’ अशी पाटीही नको. ज्यांना जुना मालक महिनाअखेरपर्यंत द्यायचा, त्यांतल्या नियमित फेडणाऱ्यांना छोटी मर्यादा घालून चालू ठेवा.

तोडफोड कधी करायची

श्रावणात. गटारी अमावस्येला बार भरून वाहतो आणि दुसऱ्या दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत मराठी वस्तीतला धंदा उतरतो. या साधारण सहा आठवड्यांत प्लंबिंग, ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी), किचनची फरशी, वायरिंग उरकून घ्या. रंग आणि पॉलिश मात्र पाऊस ओसरल्यावर, दमट भिंतीवर रंग फुगतो. निम्मी जागा चालू ठेवून निम्म्यात काम करा, शटर पूर्ण खाली नको.

वायरिंग आणि आगीपासूनच्या बंदोबस्तावर कंजूषी नको. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ जण गेले. दोन्ही बाहेर पडायच्या वाटा क्रेटविना मोकळ्या ठेवा, फॉल्स सीलिंगला जळणारं सामान वापरू नका, किचनच्या डक्टमधलं तेल नियमित काढा. परवानाधारक एजन्सीकडून आग-यंत्रणेचं फॉर्म बी प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यायचं असतं, त्या तारखा दिनदर्शिकेवर लिहा.

नॉन-एसी भाग उडवू नका. खाली पंखा आणि ट्यूबलाइट, वर एसी आणि दहा-वीस रुपये जास्त, ही मुंबईची जुनी आणि शहाणी व्यवस्था आहे. टॅक्सीवाला आणि बँकेचा मॅनेजर एकाच बारमध्ये बसतात ते त्यामुळेच. नवी गर्दी हवी असेल तर एसी भाग सुधारा आणि बायकांसाठी आतून कडी लागणारं, दिवा आणि पाणी असलेलं वेगळं स्वच्छतागृह बांधा. नव्या दिव्यांपेक्षा त्याने जास्त फरक पडतो. स्पीकरचा आवाज इतकाच, की समोरच्याशी ओरडावं लागू नये.

नाव बदलायचंच असेल तर वर्षभर थांबा. ते परवाना, अन्न परवाना, गुमास्ता, जीएसटी, बँक खातं, सगळीकडे बदलावं लागतं. पाटी मराठीत, देवनागरीत हवी, दुसऱ्या भाषेतली अक्षरं त्याहून मोठी चालत नाहीत. दारू मिळते त्या जागेला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही. करारात जुनं नाव, फोन नंबर आणि ऑनलाइन नकाशावरची नोंद तुमच्याकडे येईल असं लिहून घ्या.

तीन महिन्यांनी ती तीस नावांची वही काढा. गेल्या पंधरा दिवसांत कोण आलं त्यापुढे खूण करा. पंचवीसच्या वर खुणा असतील तर पुढच्या बदलाला हात घाला. वीसच्या खाली असतील तर काम थांबवा आणि जुन्या वेटरला न आलेल्यांकडे पाठवा, फोन नको, प्रत्यक्ष. ‘काका, बरेच दिवस दिसला नाहीत’ एवढंच विचारायचं आणि उत्तर जसंच्या तसं लिहून आणायचं. टेबल हलवलं, पंखा काढला, वेटर बदलला, दहा रुपये वाढले: उत्तरं अशीच छोटी असतात आणि बहुतेक त्याच आठवड्यात दुरुस्त करता येतात.